नऊ नंबरसमोरचा बाक

शिक्क्याची जांभळी गादी वाळून गेली होती. तिनं तिच्यावर दोन थेंब चहा टाकला आणि मग कुणी पाहिलं का, ते पाहिलं.

सात केळी, एकाच फणीतली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

बांबूच्या कोंबांचा वास नखांत राहतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा गेला नव्हता.

पहाटे एक म्हातारा पिंजऱ्यावर पांढरं फडकं टाकून चालला आहे. झोपलेलं मूल न्यावं, तसा.

लाल-पांढरी फीत, एक गुंडाळी. उरलेली वॉर्ड कचेरीत परत करावी.

उंबऱ्यावर पांढरी पूड. पुडीत कोंबडीच्या पावलांचे ठसे. कोंबडीला कुणी अडवलं नाही.

तीस ग्लास.

हे सगळं वुर्यानीच्या डोक्यात एकदम गोळा झालं ते मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, गल्लीतल्या छोट्या मशिदीच्या पायरीवर. तिनं नुकताच कर्ण्यावरून आदेश वाचून दाखवला होता. घर क्रमांक नऊ. राहणारे दोन. सुलिका, वय एकेचाळीस, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला, तपासणीत कोरोना निघालेला. आणि तिचे वडील कसमुरी, वय चौऱ्याहत्तर, बंदरातल्या क्रेनवरून निवृत्त, तपासणीत काही नाही, पण राहणं एकाच छपराखाली. दोघांनीही आजपासून दहा दिवस घराबाहेर पडू नये, कुणी घरात जाऊ नये, रहिवाशांनी सहकार्य करावे. तिनं ते दोनदा वाचलं, सावकाश, मयताची बातमी वाचतात तशा आवाजात, कारण कर्ण्यावर दुसरा आवाज तिला माहीतच नव्हता. बटण बंद केलं, चपलेत पाय सरकवला, मान वर केली, आणि गल्लीच्या वरच्या टोकाकडून रांग येताना दिसली. पुढे तुमिनी, केस अजून ओले. तिच्यामागे सगळी वरची आळी. हातात केळी, साखरेची पुडी, कुणाकडे पपई, एकीकडे तर गरम लुंपियाची, कोंब भरून तळलेल्या गुंडाळ्यांची, टोपली. सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे, तोंडावर मास्क. तेवढं मात्र सगळ्यांनी नेमानं पाळलेलं. आजाऱ्याला भेटायला निघाले होते.

चूक तिचीच होती, आणि ती तिला त्याच क्षणी कळली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं सही केलेला कागद वॉर्ड कचेरीत जातो, तिथला कारकून हेंदार्तो त्याचा फोटो काढून गल्लीप्रमुखाच्या फोनवर टाकतो, गल्लीप्रमुख तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतो, शिक्का मारतो, घरी नेऊन देतो, दारावर लाल कागद चिकटवतो, आणि खाली शेवटची ओळ असते: रहिवाशांना योग्य रीतीने कळवावे. या गल्लीत योग्य रीत म्हणजे कर्णा. कर्ण्यावरून तीनच गोष्टी सांगितल्या जातात: कोण गेलं, पाणी कधी जाणार, आणि कोण आजारी आहे. आजारी कोण ते सांगितलं की पुढे काय करायचं, ते सांगावं लागत नाही. आपण उठतो, आंघोळ करतो, हातात काहीतरी घेतो आणि जातो. न जाणारा माणूस सात वर्षं लक्षात राहतो. तिनं आदेश वाचला नव्हता, आमंत्रण दिलं होतं. तेही दोनदा.

धावत जाऊन तिनं आडवं यायला हवं होतं. ती गल्लीप्रमुख होती, निदान शिक्का तिच्याकडे होता. नवरा सुकार्दी सहा वर्षांपूर्वी गेला तेव्हा शिक्का कपाटात कपड्यांखाली राहून गेला, नवा प्रमुख निवडायची बैठक बसली, चहा झाला, आणि कुणीतरी म्हणालं, आता आहे तिथं असू दे. तेव्हापासून तीच. पण ती धावली नाही. पायरीवर उभी राहून बघत राहिली. रांग नऊ नंबरशी पोचली, पुढची माणसं आत शिरली, मागची कुंपणाला टेकून उभी राहिली, आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "अरे या, या, बसायला जागा करा," आणि वुर्यानीच्या छातीत काहीतरी असं भरून आलं की तिला खांब धरावा लागला. ते भय नव्हतं. भय असायला हवं होतं. ती कितीतरी वेळ त्याला दुसरं नाव शोधत राहिली, आणि मग तिला लाज वाटली, कारण तो आनंद होता.

दुपारी फोन.

"बु, हे काय चाललंय?" थोरल्या बाईला इथं मानानं बु म्हणतात, पुरुषाला पाक. हेंदार्तोचा आवाज नेहमी पोटातून सुरू होऊन नाकातून बाहेर पडतो. "माझ्याकडे फोटो आलाय. मी मोजली. अठ्ठावीस माणसं! त्यात एक बाई तर चक्क पपई घेऊन उभी आहे."

"ती पपई माझ्याच झाडाची," वुर्यानीच्या तोंडून निघून गेलं.

"बु."

"चुकलं."

"मी हे वर सांगितलेलं नाही. तुमच्या सुकार्दींनी माझ्या लग्नात बस आणली होती, म्हणून सांगितलेलं नाही. पण यापुढे नऊ नंबरमधलं एकही माणूस बाहेर दिसलं, किंवा बाहेरचं आत दिसलं, एकदा, फक्त एकदा, तर मी गल्ली दोन्ही तोंडांनी बंद करणार. चौदा दिवस. गाडीत कठडे भरून ठेवलेत मी."

चौदा दिवस. फोन ठेवल्यावर तिनं ते बोटांवर मोजलं नाही, नाकानं मोजलं. गल्लीत एक्केचाळीस घरं, त्यांतली अकरा लुंपियाच्या पाऱ्या लाटणारी, बाकीची भरणारी, तळणारी, हातगाडीवर विकणारी. गल्लीला वास एकच, उकळत्या कोंबांचा, चार-चार तास उकळून आंबूस-गोड झालेला. मार्चपासून तीन महिने तो वास आला नव्हता. त्या तीन महिन्यांत तुमिनीनं कानातले विकले, खालच्या टोकाच्या घरानं हातगाडीची चाकं विकली, नुसती चाकं. गाडी विटांवर उभी. आता कुठं पंधरा दिवस झाले होते चुली पेटून. पुन्हा चौदा दिवस म्हणजे काही जण पुन्हा पेटवायचेच नाहीत.

संध्याकाळी तिनं दाराच्या चौकटीला फीत बांधली, लाल-पांढरी, आडवी दोन वेळा. कसमुरी आतून बघत उभे होते. गल्लीत ते सगळ्यांचेच आजोबा, म्बाह कसमुरी, लहानथोर त्यांना म्बाहच म्हणत. "म्बाह, दहा दिवस हं. कृपा करून." "होय, होय." "बाहेर अजिबात नाही." "होय तर." "मी पाया पडते तुमच्या." "छे छे, होय म्हटलं ना." अशा मऊ आवाजात झालेलं बोलणं, की तिथं जमलेल्या डासांनासुद्धा वाटलं असेल, कुणीतरी कुणाकडे पानसुपारी मागतंय. घरी येता येता तिच्या लक्षात आलं, त्यांनी ज्या तऱ्हेनं होय म्हटलं, त्याच तऱ्हेनं ती स्वतः विमा विकायला आलेल्या माणसाला होय म्हणते. तोंडावर नाही म्हणणं इथं कुणाला शिकवलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गल्लीच्या खालच्या टोकाच्या मैदानाकडे गेली, आणि ते तिथं होते. फितीखालून वाकून आले असणार, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. उंच बांबूवर दोरीनं कवड्याचा पिंजरा चढवून, मान वर करून उभे. मैदानात दुसरं कुणी नव्हतं, बाकीच्या पाखरूवाल्यांना घरच्यांनी सोडलं नव्हतं. नाहीतर तिथंच सगळं संपलं असतं. कवडा घुमला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. ती हाक मारणार होती, पण ते गाणं संपेपर्यंत थांबली. तेवढी तर तीही याच गल्लीची. मग त्यांना पुढे घालून घरी आणलं, फीत उचलून धरली, आणि ते वाकताना म्हणाले, "त्याला उंचावर गेल्याशिवाय गाता येत नाही ना, बु. उद्यापासून नाही हं."

"होय ना?"

"होय, होय."

तुमिनी पाणी भरत होती, तिनं सगळं पाहिलं. "काय गं वुर, कोंबडं कोंडून आलीस? उद्या परत उडेल."

"मग काय करू? पायाला दोरी बांधू?"

"आधी तोंडाला लाव. किती गोड बोलतेस! तुझं बोलणं ऐकून मलाच बाहेर फिरायला जावंसं वाटलं."

ती दिवसभर कोंब चिरत बसली. पातळ, सुतासारखे. हात त्यांचं काम करत राहिले आणि ती कोंबांच्या वासातून हळूहळू मागे सरकली, अडुसष्ट साल, नदीकाठची दुसरी गल्ली, दुसरा वास, कार्बोलिकचा. ती सहा वर्षांची. थोरली बहीण वार्सिती नऊची. वार्सितीच्या गळ्यात घटसर्प. खाकी कपड्यांतला एक माणूस सायकलवरून आला, दाराला पाटी ठोकली, उंबऱ्यावर पांढरी पूड ओतली आणि सायकलवर बसून गेला. त्यानं काही वाईट केलं नाही. तो कुणावर ओरडलाही नाही. पण त्याच्यानंतर गल्ली अशी नाहीशी झाली, की जणू सायकलच्या मागे बांधून घेऊन गेला. आवाज यायचे, भांड्यांचे, अजानचे, शेजारी कुणीतरी खोबरं खवायचं. पण दारासमोरून कुणी जात नसे, वळसा घालून जात. आई रोज दुपारी चहा करायची. आजारी माणूस घरात आहे म्हणजे माणसं येणार, आली म्हणजे चहा लागणार. तीस ग्लास मांडायची चटईवर, तबकाखाली झाकून. वुर्यानी ते झाकण उचलून बघायची. चहावर साय धरायची. संध्याकाळी आई एकेक ग्लास गटारात रिकामा करायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीस. पाचव्या दिवशी वार्सिती गेली. सहाव्या दिवशी आईनं पुन्हा तीस ग्लास मांडले, आता तर येतीलच म्हणून. कुणी आलं नाही. आई पुढे चाळीस वर्षं जगली. खाकी माणसाबद्दल कधी काही बोलली नाही. तिनं नावं लक्षात ठेवली ती शेजाऱ्यांची.

आणि आता सायकलवरून आलेला माणूस म्हणजे मी. शिक्का माझा, फीत माझी. पुडीऐवजी कागद. सुलिका मागच्या खोलीत तापानं तळमळते आहे आणि मी लोकांना सांगायचं, वळसा घालून जा. सुरी थांबली. नको सांगायला? मग हेंदार्तोचे कठडे. मधे काही नाही? एका बाजूला साय धरलेला चहा, दुसऱ्या बाजूला विटांवर उभी गाडी, आणि मधे ती, हातात कोंब. तिला सुकार्दीचा राग आला. मेलेल्या माणसाचा येतो तसा, कारण नसताना. तो असता तर काय केलं असतं? काही नाही. त्याला साधं पाहुण्याला उठा म्हणता येत नव्हतं. तो बस चालवायचा. सोलो शहराच्या फेरीची त्याची बस साडेचारची, आणि तीन वाजता मागेलांग गावचा कुणी लांबचा मावसभाऊ येऊन बसला. सुकार्दी गणवेश घालून तयार. घड्याळाकडे बघणं असभ्य, म्हणून तो घड्याळाच्या सावलीकडे बघत होता. पाहुणा बसलेला असताना यजमान कसा उठणार? चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले, मावसभाऊ आपल्या गाईची प्रसूती सांगत होता, आणि बस दुसऱ्या कुणीतरी सोलोला नेली. दोन दिवसांचा पगार गेला. रात्री तिनं झापलं तेव्हा तो म्हणाला, "मग काय करायला हवं होतं? पाहुणा दारात बसलेला, आणि मी..."

इथं ती हसली. एकटीच, मोठ्यानं. हातातला कोंब पाण्यात पडला. पलीकडच्या घरातून तुमिनी ओरडली, "काय झालं गं? डोक्यात गेला का आजार?"

पाहुणा दारात बसलेला, आणि मी बाहेर कसा पडणार.

गुरुवारी पहाटे, फजरच्या नमाजानंतर लगेच, तिनं आपला बांबूचा बाक ओढत नेला. बाकाचा एक पाय आखूड, दगडावरून खडखडत गेला, साऱ्या गल्लीनं ऐकलं असणार. नऊ नंबरसमोर, गल्लीच्या दुसऱ्या कडेला, सात पावलं मोजून ठेवला. पुढे खडूनं रेघ ओढली. स्वतःचा ग्लास, स्वतःचा थर्मास. डोक्यावरची ओढणी सारखी करावी तसा मास्क सारखा केला आणि बसली. पाच मिनिटांनी दार उघडलं. आधी पिंजरा बाहेर आला, मग लुंगी, मग म्बाह कसमुरी, फितीखाली वाकण्याच्या बेतात, अर्धे वाकलेले. आणि त्यांना पाहुणी दिसली.

ते तसेच थांबले. मग सावकाश सरळ झाले.

"बु! इतक्या सकाळी?"

"म्हटलं, भेटून यावं. परवा सगळे आले, मी तेवढी राहिले."

"आत ये ना."

"नको, इथं बरंय. वारा आहे."

"वारा कुठला, गटार आहे ते."

"गटारावरचा वारा." ती म्हणाली. "कुठं निघाला होतात का, म्बाह?"

"छे! कुठं! ह्याला जरा... हवा दाखवत होतो." त्यांनी पिंजरा वळचणीच्या खिळ्याला अडकवला, पुन्हा काढला, पुन्हा अडकवला. आत जाऊन स्टूल घेऊन आले, फितीच्या आतल्या बाजूला ठेवलं आणि बसले. यजमान बसले. तिनं सुलिकाचं विचारलं. ताप उतरतोय, वास मात्र येत नाही कशाचा. त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं. कोंबांचा दर त्यांनी विचारला. मग तो दर त्यांच्या तरुणपणी काय होता, ते सांगितलं. उजाडलं. ते अधूनमधून मैदानाच्या दिशेनं बघत होते. घड्याळाच्या सावलीकडे बघावं, तसं.

"तुला कामं असतील, बु."

"कामं कुठं पळतात?"

"पाऱ्या लाटायच्या असतील."

"आज मुलगी लाटतेय."

सहा वाजता तुमिनी आली, केस विंचरून, हातात विणकाम. "ऊठ गं. आता माझी वेळ." वुर्यानी उठली, तुमिनी तिच्या उबेवर बसली. "म्बाह, कसे आहात? सुलिका कशी आहे? मी जरा बसते हं, घरी सून आहे, तिचं तोंड बघण्यापेक्षा तुमचं बरं." आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर, अगदी सावकाश, भिंतीवर ऊन चढावं तसं काहीतरी चढत गेलं. त्यांनी तुमिनीकडे पाहिलं. गल्लीत मागे पाहिलं, जिथं अजून दोघं जण आंघोळ करून, कपडे करून, सहज उभे होते. मग त्यांनी वुर्यानीकडे पाहिलं, चाळीस वर्षं क्रेनच्या खोलीतून जहाजांकडे पाहिलेल्या नजरेनं.

"किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस घरं, म्बाह."

"आणि सगळ्यांना मला भेटायचंय."

"सगळ्यांना."

तिनं मशिदीच्या भिंतीवर खडूनं पाळ्या लिहिल्या होत्या. पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या बत्तीस. या वेळी कर्ण्यावरून तिनं आदेश वाचला नाही. ती म्हणाली, "नऊ नंबरला भेटायला जायचंय. एका वेळी एकानं. रेघेच्या अलीकडे. आपापला ग्लास आणावा. यजमानांना एकटं सोडू नये." एवढंच, आणि तो मयताचा आवाज नव्हता, तो कुठून आला ते तिलाही कळलं नाही. दुपारपर्यंत पाळ्यांवरून भांडणं सुरू झाली. संध्याकाळची वेळ सगळ्यांना हवी, दुपारी दोनची कुणालाच नको. दोनची तिनं स्वतः घेतली.

तिसऱ्या दिवशी म्बाह हसले. चौथ्या दिवशी त्यांनी बसल्या जागेवरून बाकावरच्या माणसाशी सोंगट्या मांडल्या: त्यांनी सांगायचं, समोरच्यानं दोघांच्या हलवायच्या. खालच्या टोकाचा गाडीवाला फसवतो म्हणून त्यांनी त्याची पाळी बदलायला लावली. पाचव्या दिवशी गल्लीतल्या पुरुषांनी नऊ नंबरच्या कुंपणाला बाहेरूनच उंच बांबू बांधला, दोरी आत सोडली. पिंजरा वर गेला आणि कवडा भर सकाळी असा घुमला, की पाऱ्या लाटणाऱ्या अकरा घरांत लाटणी थांबली. सहाव्या दिवशी खिडकीच्या फटीतून सुलिकाचा आवाज आला, घोगरा, आठवडाभर न वापरलेला.

"बु."

"काय गं? काही हवंय?"

"तुमिनीला सांगा, काल तिची सुनेची गोष्ट अर्धीच राहिली. मग अंडी सापडली का?"

"विचारते," वुर्यानी म्हणाली. दुपारचे दोन, बाकाचा बांबू तापलेला, गल्ली रिकामी, आणि तिला असं वाटलं की आपल्या शेजारी, मांडीला मांडी लावून, एक सहा वर्षांची मुलगी बसली आहे. पाय जमिनीला न टेकणारी. ती मुलगी तबक उचलून बघत नव्हती, कुणाची वाट बघत नव्हती. नुसती पाय हलवत बसली होती. आलं आहे ना कुणीतरी. मग झालं. वुर्यानी सरकली, तिला जागा करून दिली, आणि अर्धा तास दोघी मिळून बसल्या. शिक्षा आणि भेट यांत अंतर किती, असं तिला कुणी त्या वेळी विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं: सात पावलं. आणि ती मोजताना पाय कुठल्या दिशेला आहेत, एवढंच.

आठव्या दिवशी हेंदार्तो आला. मागे पिकअप, पिकअपमध्ये कठडे, कठड्यांवर दोन माणसं बसलेली. कुणीतरी कळवलं होतं: नऊ नंबरसमोर रोज माणसं जमतात. वुर्यानीला बोलावणं आलं तेव्हा ती पीठ मळत होती, तशाच हातांनी गेली. घशात जुनी, ओळखीची, माफी मागणारी मऊ गोष्ट वर येत होती. ती तिनं गिळली.

"बु, मी काय सांगितलं होतं?"

"आतलं कुणी बाहेर दिसलं तर. बाहेरचं कुणी आत दिसलं तर."

"आणि हे काय आहे?"

"बाक."

"आदेशात बाक कुठं आहे?"

"आदेशात 'सहकार्य करावे' आहे. चौथी ओळ. हे सहकार्य." तिचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत गेला. तिनं तो तसाच जाऊ दिला. "म्हाताऱ्यानं दुसऱ्या दिवशी फीत ओलांडली, पाक हेंदार्तो, लपवत नाही. तुमचा कागद दारावर होता तेव्हा ओलांडली. बाक आल्यापासून एकदा तरी ओलांडली का, विचारा. एक्केचाळीस घरांना विचारा. कुणाला ताप आहे का, विचारा. सापडला तर कठडे मी स्वतः उतरवून घेते. हे पिठाचे हात आहेत, धुऊन घेते."

पिकअपवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हेंदार्तोनं तोंड उघडलं, पण आधी दुसराच आवाज आला, फितीच्या आतून, गोड, सावकाश, क्रेनच्या उंचीवरचा.

"कोण, हेंदार्तो? तोच ना तू, कातीजाचा मुलगा? किती वर्षांनी आलास रे! बस, बस. उभा का?"

बाक रिकामा होता. त्या पाळीची बाई केव्हाच उठून बाजूला झाली होती. हेंदार्तोनं बाकाकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. "नको, म्बाह, मी कामावर..."

"माझ्या दारात उभ्यानं जाणार? तुझी आई काय म्हणेल?"

तो बसला. आखूड पाय खडखडला. तुमिनीनं विचारलं, "पाक हेंदार्तो, ग्लास आणलाय का? नाही? मग कोरडेच बसा." म्बाहनी त्याच्या आईचं विचारलं. तिच्या डोळ्यांचं विचारलं. मग बंदरात चौऱ्याहत्तर साली बुडालेल्या साखरेच्या पडावाची गोष्ट काढली, ती लांब आहे. दहा मिनिटांनी हेंदार्तो म्हणाला, "बरं, म्बाह, येतो मी." "आत्ता कुठं आलास!" वीस मिनिटांनी पिकअपनं भोंगा वाजवला. हेंदार्तो अर्धा उठला, म्बाह म्हणाले, "तर मग पडावाचा तांडेल मला काय म्हणाला असेल?" आणि तो बसला. गल्ली दारांतून, खिडक्यांतून, पडद्यांमागून बघत होती, कुणीही हसत नव्हतं. न हसण्याचा एवढा मोठा आवाज वुर्यानीनं जन्मात ऐकला नव्हता. चाळीस मिनिटं. शेवटी म्बाहनीच हात वर केला. "जा बाबा, तुला सरकारी काम असेल. मी तर काय, पाहुणे आले की मला हलता येत नाही."

हेंदार्तो उठला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण डोळ्यांत काहीतरी उजळलं होतं. त्यानं खिशातून फॉर्म काढला, पिकअपच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं: अंमलबजावणी समाधानकारक. पद्धत या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.

"काय लिहू, बु?"

"काही नका लिहू," वुर्यानी म्हणाली. "लिहिलंत तर उद्या त्याचाही आदेश निघेल, आणि मग कुणी बसणार नाही."

दहाव्या दिवशी आरोग्य केंद्राची परिचारिका येऊन तपासून गेली. दोघंही मोकळी. गल्लीत दुसऱ्या कुणाला ताप नाही, एकालाही नाही. वुर्यानीनं फीत कापली. सुलिका उंबऱ्याबाहेर आली, बारीक झालेली, उन्हाला डोळे मिचकावत. तिनं खोल श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. "येतोय," ती म्हणाली. "कोंबांचा वास येतोय." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. भांडी वाजली, कुणी झारा कढईवर आपटला. तुमिनी रडत रडत सुनेला शिव्या देत होती. म्बाह कसमुरी दारातून बाहेर पडले, सात पावलं चालले, खडूच्या रेघेवर पाय दिला आणि बाकावर बसले. आपल्याच घराकडे तोंड करून, पाहुण्यासारखे, आणि म्हणाले, "घर छान आहे हो. कोण राहतं इथं?" त्या दुपारी एक्केचाळीस घरांच्या चुली पेटलेल्या होत्या, हातगाड्या रस्त्याला लागल्या होत्या, आणि वुर्यानी, गल्लीप्रमुख, पिठाचे हात कमरेवर ठेवून गल्लीच्या मधोमध उभी होती, ताठ, जणू ही गल्ली तिनं आजच लाटून काढली होती.

सुलिकाला ताप यायच्या आधीच्या आठवड्यात त्या वॉर्डात पाच गल्ल्या दोन्ही तोंडांनी बंद झाल्या होत्या. त्यांतल्या चार गल्ल्यांपुढे वॉर्ड कचेरीच्या वहीत कारण म्हणून एकच नोंद आहे: आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं.